मान पाठीमागे: मोडक्या गिटारचं एक कोलाज

फ्रेमच्या दुकानात लोक काय काय घेऊन येतात याला सुमार नाही. आजोबांचा फेटा, बाळाच्या पावलांचे ठसे, पहिल्या पगाराची पावती. एकाने तर मोडकी बॅट आणली होती. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ओळखीतली एक मुलगी खांद्याला गिटार अडकवून आली. कव्हरची चेन उघडत म्हणाली, "काका, ही फ्रेम करून मिळेल?"

तिथून दिवाळीपर्यंत पाच फळ्या झाल्या. चार वाया गेल्या म्हणणार नाही, पण भिंतीवर एकच लागली. माझं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेलं आहे, शाळेत चित्रकला शिकवायची होती, ते राहिलं आणि नाशिकला रविवार कारंजाजवळ फ्रेमचं दुकान झालं. त्यामुळे हे प्रकरण मी अर्धं कारागीर म्हणून आणि अर्धं हुकलेला मास्तर म्हणून पाहिलं. दोन्हीकडून काही ठिकाणी चुकलो, तेही सांगतो.

गिटार कशी मोडली

गिटार तिच्या भावाची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि गिटार माळ्यावर गेली, तारा तशाच ताणलेल्या. माळ्यावर पत्र्याचं छप्पर. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. लाकूड जोडायचा पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि ताणाखाली हळूहळू सरकतो. एका दुपारी माळ्यावर मोठा आवाज झाला. आईला वाटलं मांजर. वर जाऊन पाहिलं तर ब्रिज, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात ती पट्टी, उखडून आला होता आणि त्याच्याबरोबर वरच्या फळीची एक सालही निघाली होती.

दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली की नवी गिटार येत होती. मग फ्रेमचा विचार. मी तिला खोक्याच्या फ्रेमचा खर्च सांगितला, तोही नव्या गिटारच्या घरातच. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मी हिचं कोलाज करते. मटेरियल हिच्यातलंच." मी म्हटलं, कर बाळा. मनात म्हटलं, आठ दिवसांचं खूळ.

पहिल्या तीन फळ्या

पहिली फळी तिने घरीच केली. दोन बाय तीन फुटांचा हार्डबोर्ड, त्यावर मासिकांतून कापलेले गायक, बातम्यांचे मथळे, एसटीची तिकिटं, आणि सगळं मिळून गिटारचा आकार. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून तिला हसलो नाही. पण ते कॉलेजच्या गॅदरिंगचं बॅकड्रॉप दिसत होतं. गिटारचं चित्र होतं, आणि ते कागदाऐवजी पेन्सिलीने काढलं असतं तरी काही बिघडलं नसतं. कोलाजमध्ये हीच कसोटी लावावी असं माझं मत आहे. हा कागद इथे का, याला उत्तर नसेल तर ती नुसती डकवाडकव.

शिवाय तीन दिवसांत फळी पापडासारखी वळली. हा धडा कोलाज करणाऱ्या प्रत्येकाला एकदा मिळतो. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळला की आक्रसतो. फुगलेला असताना डकवला की वाळताना तो एकटा आक्रसू शकत नाही, खालच्या फळीलाही ओढतो. उपाय सोपा आहे. जेवढा कागद पुढे, तेवढाच मागे डकवायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. फेव्हिकॉल डब्यातून काढून तसाच थापायचा नाही, थोडं पाणी घालून ब्रशने पातळ थर द्यायचा, मधून कडेकडे हात फिरवायचा आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवायचं. जुलैत नाशिकच्या हवेत एक रात्र पुरत नाही, दोन लागतात.

मग कागदाचा ग्रेन. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिककर नुसतं 'प्रेस' म्हणतो तेव्हा त्याला १९२५ पासूनचं सिक्युरिटी प्रेस म्हणायचं असतं, जिथे टपाल तिकिटं आणि स्टँप पेपर छापतात, नाहीतर १९२८ चं नोटांचं प्रेस. वडील कोणताही कागद हातात घेतला की आधी फाडून बघायचे. आई वैतागायची. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, सरळ रेघेत फाटतं. आडवं फाडा, करवतीचे दात पडतात. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेला झोपतात, म्हणून असं होतं. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. दोन कागदांचे ग्रेन आडवेतिडवे आले की ते एकमेकांशी भांडतात आणि फुगे येतात. हे मी तिला दुकानातल्या काउंटरवर पट्ट्या फाडून दाखवलं. ती अंबडला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, दिवसभर व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात. तिला ते लगेच कळलं. म्हणाली, "म्हणजे कागदालाही टॉलरन्स असतो." असेल.

दुसऱ्या फळीच्या वेळी मी तिला १९१२ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ब्राक या चित्रकाराने फ्रान्समधल्या अॅव्हिन्याँच्या एका दुकानातून लाकडाच्या नक्षीचा भिंतीवर लावायचा छापील कागद आणला, त्याचे तुकडे चित्रात चिकटवले आणि आजूबाजूला कोळशाने रेखाटलं. लाकूड रंगवायचं कशाला, छापलेलं मिळतंय की. त्याच वर्षाच्या शेवटी पिकासोने पुठ्ठा, दोरी आणि तार घेऊन एक गिटार उभी केली, आणि १९१४ मध्ये तीच पत्र्याची केली. दोन्ही आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. त्या गिटारमध्ये मला आवडते ती एक गोष्ट. खऱ्या गिटारला मध्ये भोक असतं, ते आत जातं. पिकासोच्या गिटारमध्ये ते नळकांडं होऊन बाहेर येतं. जिथे लाकूड असायला हवं तिथे पोकळी, आणि जिथे पोकळी तिथे वस्तू.

हे ऐकून ती मेन रोडवरून लाकडी डिझाइनचा चिकट कागद घेऊन आली, आपण स्वयंपाकघरातल्या फळ्यांना लावतो तो. कंपनीतून पॅकिंग टेपचं रिकामं रीळ आणलं आणि ते भोकाच्या जागी बसवलं. फळी दिसायला उत्तम झाली. मी खूश होतो, ती नव्हती. "काका, हे तुम्ही सांगितलेलंच झालं. शंभर वर्षांपूर्वीचं." खरंच होतं. उदाहरण द्यावं तर पोरं त्याचीच नक्कल करतात, न द्यावं तर बॅकड्रॉप करतात. मास्तरांचं हे जुनं दुखणं आहे.

तिसरी द्राक्षाच्या पेटीची. आपल्याकडे हंगाम संपला की या पेट्या पैशाला पासरी. पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलला की आतल्या नळ्या उघड्या पडतात, समांतर, एकसारख्या, बोट फिरवलं तर खर्र आवाज. तिला त्यात तारा दिसल्या. मला त्यात मोडकं छप्पर दिसलं. ही फळी अर्धीच राहिली, पण तो सोललेला पुठ्ठा पुढे कामाला आला.

कॅलेंडर

जुलैच्या शेवटी ती एक आकडा घेऊन आली. गिटारची मान तिने व्हर्निअरने मोजली होती. नटपासून, म्हणजे जिथे तारा खुंट्यांकडे वळतात तिथपासून, बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत, ३२५ मिलिमीटर. तार एकूण ६५०. म्हणजे बारावा पडदा बरोबर मध्यावर, आणि तिथे तार दाबली की सूर एक सप्तक वर. पडद्यांमधलं अंतर मात्र सारखं नाही. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तेवढ्यावर पहिला पडदा. पुन्हा उरलेल्या लांबीला तेच, दुसरा पडदा. पहिलं घर, म्हणजे पडद्यांमधली पहिली जागा, ३६.५ मिलिमीटरचं, दुसरं ३४.४, तिसरं ३२.५, असं करत बारावं १९.३.

"बारा घरं," ती म्हणाली. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो. "बारा महिने."

त्यांच्या आईने जुनी कॅलेंडरं एकाही वर्षाची टाकलेली नाहीत, कारण त्यांत दुधाचा हिशोब असतो. ज्या वर्षी भाऊ पुण्याला गेला त्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. चौकोनाचौकोनात आईचं अक्षर. 'दूध नाही.' 'गॅस लावला.' 'बाई सुट्टी.' ऑगस्टच्या एका तारखेला 'दादा पुणे', आणि त्यानंतर रोजच्या दीड लिटरच्या जागी एक लिटर. या शेवटच्या आकड्याकडे तिने माझं लक्ष वेधलं नाही, मी आपला वाचत गेलो तेव्हा दिसला.

आई कॅलेंडर कापायला देईनात. बरोबरच आहे. मग झेरॉक्स. इथे एक कामाची गोष्ट. घरच्या शाईच्या प्रिंटरवरचं प्रिंट फेव्हिकॉल लागला की बहुधा फुटतं, निळंजांभळं होऊन पसरतं. झेरॉक्सची काळी भुकटी कागदावर भाजून बसवलेली असते, ती पाण्याला दाद देत नाही. वर, स्वस्त कागद यंत्राने भरडलेल्या लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातला लिग्निन उजेडात पिवळा पडतो. म्हणून चांगल्या जाड कागदावर झेरॉक्स काढणं हा दुहेरी फायदा. सगळ्या पट्ट्यांचा ग्रेन एकाच दिशेला येईल असे कागद मी निवडून दिले.

जानेवारीची पट्टी ३६.५ मिलिमीटर, डिसेंबरची १९.३. मधले महिने त्या नियमाने आखूड होत जाणारे. जानेवारीत अख्खा आठवडा मावतो, डिसेंबरमध्ये आईचं अक्षर अर्ध्यातून कापलं जातं. बारावी पट्टी संपते तिथे तार निम्मीच झालेली असते. उरलेल्या ३२५ मिलिमीटरवर काय लावायचं यावर आमचा दोन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी तिने तिथे द्राक्षाच्या पेटीचा सोललेला पुठ्ठा लावला, दुसरं काही नाही.

फळीवर गिटारचा आकार कुठेच नव्हता. कंबर नाही, भोक नाही. तरी गिटार वाजवणारा एक गिऱ्हाईक मुलगा दुकानात शिरला आणि चार पावलांवरून म्हणाला, "फ्रेटबोर्ड आहे का हे?" म्हणजे गिटारच्या मानेवरची पडद्यांची पट्टी. मी तेव्हा हरलो. तोपर्यंत माझं मत होतं की बघणाऱ्याला थोडा तरी आकार द्यावा लागतो.

सत्तर किलो

आता तिला खऱ्या तारा हव्या होत्या. फळी चौथी, बाइंडिंगचा जाड पुठ्ठा, खाली-वर स्क्रू आणि सहाच्या सहा तारा ताणून सुरात. मी म्हटलं, ढिल्या लाव, दिसायला सारख्याच. ती म्हणाली, "ढिली तार म्हणजे सुतळी, काका." आणि घरी जाऊन रात्री ताणल्या.

स्टीलच्या सहा तारांचा मिळून ओढा साधारण ७० किलोच्या आसपास जातो. एक धडधाकट माणूस त्या पुठ्ठ्याला लटकला असं समजा. सकाळी पुठ्ठ्याचं धनुष्य झालं होतं, मे आणि जूनच्या पट्ट्या मधोमध तडकल्या होत्या, आणि एक स्क्रू कपाटाखाली सापडला. डोळ्याला लागला असता तर काय, हे तिला मी जरा आवाज चढवूनच विचारलं. जुन्या तारा ताणताना चेहरा बाजूला ठेवावा आणि चष्मा घालावा. हे कोलाज करणाऱ्यांना कुणी सांगत नाही, कारण कोलाज म्हणजे कात्री आणि डिंक असंच सगळ्यांना वाटतं.

आंतोनियो दे तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराची मला त्या दिवशी आठवण झाली. आजच्या गिटारचा साचा ज्याने बसवला तो हा. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिच्या बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची. वरची फळी मात्र लाकडाची, आतून बारीक काड्यांनी पेललेली. त्याला सिद्ध करायचं होतं की आवाज वरच्या फळीतून येतो, बाकी अंग कशाचंही असो. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आमच्यासाठी त्यातला अर्थ सरळ होता. कागदाला भार द्यायचा नाही, कागदाला फक्त जागा द्यायची. भार लाकडाने घ्यायचा.

माझा सल्ला अर्धा बरोबर होता. सहा तारा पेलणार नव्हत्या. पण ढिल्या लावा हे चुकीचं होतं. तडकलेल्या पट्ट्या पाहिल्यावर मला कळलं की तिला तार दाखवायची नव्हतीच, ओढ दाखवायची होती.

पाचवी

१२ मिलिमीटरचा प्लाय, दोन बाय तीन. तारा दोनच, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक. एकेकीचा ओढा दहा-बारा किलो, तो पाठीला लाकूड असेल तर प्लाय सहज सोसतो. पाठीला सागाची पट्टी लावणार तोच तिने गिटारची मान पुढे केली. "पट्टीच हवी ना? ही घ्या."

मान शरीरापासून सोडवायला मला एक पूर्ण दुपार लागली. गरम पाणी, पातळ सुरी, आणि बराच धीर. कारखान्यातल्या स्वस्त गिटारचा सांधा तसा सुटायला बनवलेलाच नसतो. मान प्लायच्या मागे, खुंट्यांसकट, पालथी बसवली. ती जिथे संपते तिथून खाली सागाची पट्टी अर्धा खाचा मारून जोडली. पुढच्या बाजूला वर नट आणि खाली गिटारचाच उखडलेला ब्रिज, या वेळी गोंदाबरोबर आरपार बोल्ट. तारा वरच्या दोन भोकांतून मागे खुंट्यांवर जातात. भोकांच्या कडेला तार प्लायमध्ये रुतायला लागली, तेव्हा भांडी बाजारातून पितळेच्या दोन छोट्या रिंगा आणून ठोकल्या. फ्रेम खोल ठेवली, भिंतीपासून तीन इंच, म्हणजे मागे हात घालून खुंटी फिरवता येते.

चिकटवायला मी खळ सुचवली होती, गव्हाच्या पिठाची, मोरचूद घातलेली. जुने बाइंडर मोरचूद कसर लागू नये म्हणून घालायचे. ती नको म्हणाली, घरात लहान भाचा आहे, मोरचूद विषारी. रास्त होतं. फेव्हिकॉलवरच भागवलं.

ऑगस्टच्या मध्यात फळी दुकानाच्या भिंतीवर वाळत होती तेव्हा सप्टेंबरच्या पट्टीची एक कड सुटली आणि जाड तारेला अगदी पुसटशी लागली. तार छेडली की टणकन वाजण्याऐवजी मिरमिर मिरमिर करत रेंगाळायची. मी ब्रश घेऊन कड दाबायला निघालो. तिने हात धरला. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा जीवा घालतात, त्याने जवारी, म्हणजे तारेचा रेंगाळणारा गुंजारव, खुलते, हे मीच तिला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. ते आता माझ्यावरच उलटलं. कड सुटलेलीच राहिली. तिने फक्त तिच्याखाली लग्नपत्रिकेच्या कार्डाचा बारीक तुकडा सरकवला, म्हणजे ती पुन्हा बसू नये.

गणपती जवळ आले आणि संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला. नाशिकच्या ढोलाबद्दल नाशिककराला काय सांगायचं. दुकानाच्या काचा थरथरतात, फ्रेमा वाकड्या होतात, मी रोज सकाळी त्या सरळ करतो. एका संध्याकाळी ढोल थांबला आणि दुकानात काहीतरी गुणगुणत राहिलं. आधी ट्यूबलाइटवर संशय घेतला. मग कळलं, ही जाड तार आहे. ढोलाच्या घुमाऱ्याने ती आपोआप हलत होती आणि सप्टेंबरच्या कडेला घासत होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम शटर अर्ध्यावर ओढून बसलो. पुन्हा तेच. मी तिला फोन करून बोलावलं. आम्ही दोघं चहा घेत, काही न बोलता, ढोल थांबायची वाट पाहत बसलो होतो. दुकानात गिऱ्हाईक आलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असं त्याला वाटलं असतं.

मी तिला म्हटलं, हे प्रदर्शनात दे. गावात जागा काय थोड्या आहेत? तिला ते नको होतं. प्रदर्शनात लोक हात लावणार नाहीत, म्हणाली. या मुद्द्यावर माझं अजून तिच्याशी पटलेलं नाही. लोकांनी हात लावला असता आणि आठवड्यात कड फाटली असती, असं मला वाटतं. पण फळी तिची आहे.

दिवाळीला भाऊ आला. फळी त्यांच्या हॉलमध्ये लागली होती, मीच लावून दिली होती, फराळाचं निमंत्रण त्याचंच. त्याने बराच वेळ पाहिलं. आईचं अक्षर वाचलं, हसला, ऑगस्टपाशी थांबला. मग बहिणीला विचारलं, "छान आहे गं. पण गिटार कुठंय?"

तिने काही सांगितलं नाही. त्याने जाड तार छेडली, ती मिरमिरली. तोंड वाकडं केलं. "उतरलीय," म्हणाला, आणि वाजवणाऱ्याचा हात जातो तसा त्याचा हात वर खुंट्या शोधत गेला, कडेवरून मागे वळला, आणि तिथे थांबला.

मानेवर त्याने शाळेत असताना कंपासने खरवडलेलं नाव आहे. बोटाला ते लागलं असणार.

त्याने सूर लावून दिला. मी निघताना आईंना सांगितलं की मे महिन्यात दोन्ही तारा दोन-दोन फेरे उतरवून ठेवा. त्या विसरतील म्हणून पाठीवर पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय. पण आईंनी ते आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, पुढच्या वर्षाच्या पानावर, दुधाच्या खाली लिहून घेतलं होतं.